मूर्तिजापूरले कोन हाय?

ईश्वरीला आत नेलं आणि दार लागलं.

बाहेर बाकाच्या एका टोकाला वर्षाली, दुसऱ्या टोकाला विपुल. मधली सगळी जागा रिकामी. कोर्टात एवढी गर्दी, पण तिथं कोणी बसायला तयार नव्हतं. बसणार तरी कसं? दोघांची तोंडं पाहिली की माणूस आपलं उभं राहणंच बरं समजायचा.

आत जजबाई सात वर्षांच्या पोरीला एकच गोष्ट विचारणार होत्या. तुला कुठं राहायचं? आईजवळ अमरावतीला, की बाबाजवळ अकोल्याला? पोरगी जे बोलेल त्यावर बरंच काही ठरेल, असं दोन्ही वकिलांनी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून दोघांचा जीव टांगणीला लागलेला. विपुलनं पोरीसाठी सायकल आणली. हे कळताच वर्षालीनं तिच्याहून मोठी आणली. आता दोन गावांत दोन सायकली उभ्या होत्या आणि पोट्टीला सायकल येत नव्हती. शिकवायला सवड कोणाला होती?

वर्षालीला तर अन्न गोड लागेना. वर्गात हजेरी घेताना पोरांची नावं चुकायची. वेणी घालता घालता ती ईश्वरीला हळूच विचारायची, "काय सांगशीन वं मॅडमले?" पोरगी नुसती आरशात पाहायची. पोरगी गेली तर? घरात एकटीनं करायचं काय? ही भीती फारच वर आली की ती विपुलच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची. तेवढंच बरं वाटायचं. राग हाताशी असला म्हणजे धरायला काहीतरी असतं. त्या 'काय होईल'ला धरायचं कुठून? म्हणून ती दिवसभर मनातल्या मनात त्याच्याशी भांडत असायची.

"काय शिकवून आनलं तिले?" विपुलनं समोरच्या भिंतीला विचारलं.

"शिकवाले ती का पोपट हाय? तुह्या मायनं पढवली असंन, तिले विचार."

लग्नात तो 'अहो' होता. केस लागली त्या दिवशी 'तू' झाला.

"माह्या मायचं नाव काढू नको."

"काढीन. काय करशीन?"

शिपायानं हटकलं तसे दोघं गप्प झाले. तसं यांचं भांडायचं ठिकाण हे नव्हतंच. ते होतं मूर्तिजापूर. केसच्या सुरुवातीला वर्षाली म्हणाली होती, अकोल्यात पाय ठेवणार नाही. विपुल म्हणाला होता, अमरावतीचं पाणी पिणार नाही. घ्या! मग कोर्टानं मधलं गाव काढून दिलं. शनिवारी मूर्तिजापूरच्या बसस्टँडवर पोरगी बापाच्या हवाली करायची आणि रविवारी तिथूनच परत आणायची.

फोनवर बोलायची वकिलांनी मनाई केलेली, उगाच रेकॉर्ड होतं म्हणून. त्यामुळे आठवडाभर साठवलेलं सगळं दोघं स्टँडवर आणून ओतायचे. स्वेटर काहून नाही दिलं? डोक्यात उवा कोनाच्या घरच्या? मले पोरीदेखत काय बोलला तू? बसची वाट पाहणारी माणसं फुकटात तमाशा पाहून घ्यायची. ईश्वरी बाजूच्या बाकड्यावर आलूबोंडा खात बसायची. आणि किती वेळ खायची बाप्पा! घरी तिचं ताट केव्हा रिकामं झालं ते कळत नसे, इथं मात्र एक आलूबोंडा संपता संपायचा नाही.

"आटप ना वं, गाडी जाईन!" वर्षाली ओरडायची.

गाडी जायचीच. मग दुसरी येईपर्यंत ही दोघं पुन्हा सुरू व्हायची.

दार उघडलं. शिपायानं दोघांना आत बोलावलं. विपुलचं तोंड पांढरंफटक पडलं होतं, पण तिकडं वर्षालीनं पाहिलंसुद्धा नाही. ईश्वरी जजबाईंसमोरच्या खुर्चीत बसली होती.

"मुलीनं उत्तर दिलं," जजबाई म्हणाल्या, "पण मला काही उलगडा होत नाही. ती म्हणते, मला मूर्तिजापूरला राहायचंय. तिथं कोण आहे तुमचं?"

वर्षालीचा भडका उडाला.

"मले वाटलंच! तुही मावसबहीन देली ना तिकडं? शनिवारी पोरीले तिच्याच घरी नेऊन टाकत असशीन तू. अकोल्याले नेतो म्हनून सांगतं अन्..."

"मावसबहीन मंगरूळले हाय, येडे! तूच तिथल्या शाळेत नोकरी पाहून राहिली असशीन. का नवीन कोनी भेटला तिथं?"

"तोंड सांभाळ!"

"तू सांभाळ! पोरीले हाताशी धरून..."

"अहो, गप्प बसा!" जजबाईंनी टेबलावर हात आपटला. "माझ्यासमोर हे, तर घरी काय करत असाल?"

दोघं धापा टाकत थांबले. ईश्वरी मात्र घाबरली नव्हती. उलट भांडण लागल्यावर ती खुर्चीत जरा मागं टेकली होती आणि निवांत पाय हलवत होती. जजबाईंनी ते पाहिलं. त्या खाली वाकल्या.

"बेटा, तूच सांग. मूर्तिजापूरला कोण आहे तुझं?"

ईश्वरीनं आईकडं पाहिलं. मग बाबाकडं पाहिलं. एवढंही यांना कळत नाही, असं तोंड केलं.

"हे दोघं," ती म्हणाली. "शनिवारीबी येतात अन् रविवारीबी."