देवजीचं सरण

धोंडूबाई अंगणात आडवी होती आणि तिचा नवरा देवजी पडवीतल्या लाकडांच्या राशीवर चढून बसला होता.

"बाबा, उतरा खाली," हितेश म्हणाला. "मानसं थांबलीत."

"थांबू दे. ह्या लाकडांना हात लावायचा नाय."

आई पाण्याला गेली होती. वाटेत उन्हानं चक्कर येऊन पडली आणि डोळखांबच्या दवाखान्यात पोचायच्या आत संपली. मुलाच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, आणि बाप लाकडांची राखण करत होता.

लाकडं सरणाचीच होती, पण देवजीच्या स्वतःच्या. चार वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या पावसात त्याचा भाऊ बारकू गेला. ओली लाकडं काही केल्या पेटेनात. रॉकेल ओतलं, टायर घातले, तरी बारकू अर्धाच जळाला. उरलेला ओढ्यानं नेला. तेव्हापासून देवजीनं हाय खाल्ली. पाऊसही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, दिवाळीतसुद्धा धो धो कोसळतो. आपण नेमके पावसातच मेलो तर? म्हणून त्यानं झऱ्याच्या वरची ऐनाची झाडं तोडून पडवीत रचली. एक रास झाली, तरी जीव थाऱ्यावर येईना. वाळवी लागली तर? आणखी तोडली. त्याचं बघून पाड्यातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनीही आपापली सोय करून ठेवली. डोंगर बोडका झाला, झरा आटला. मग बायांना भर उन्हात खालच्या विहिरीवर जावं लागू लागलं. म्हाताऱ्यांना त्याचं काय!

"बाबा, माजी आय हाय ती!"

"मंग? ऊन बघ कसं कडक हाय. तिला काय लागतंय? काटक्या आना, शेनी आना, भुरकन जळंल. मी पावसात मेलो तं?"

हितेशनं बापाचा दंड धरला आणि त्याला खाली ओढलं.

सरण झकास पेटलं. चांगली वाळलेली लाकडं होती. देवजी हमसून हमसून रडत होता. एकेक ओंडका ढासळला की त्याला नवा हुंदका फुटायचा.

"लय जीव व्हता रे बायकोवर," शेजारचा कोंडू हळहळला आणि त्यानं देवजीला पोटाशी धरलं. कोंडूच्या पडवीतही तशीच रास होती, पण एवढ्या लोकांत ती कोणाला आठवली नाही.

परतताना देवजी मुद्दाम मागं रेंगाळला. त्यानं हितेशची बाही धरली. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

"झऱ्यावर जांभळीचं एक झाड उरलंय ना," तो म्हणाला. "उद्याच तोडू. पाऊस यायच्या आत वाळाय पायजे."