ऐच्छिक सहभाग

मलावीत नातवंडं सांभाळणाऱ्या आज्यांवर किती भार पडतो, या नीरजाच्या संशोधनाला तिथल्या एथिक्स कमिटीची मंजुरी आली. त्या आनंदात इकडे परदेशात, तिच्या वेस्टमीडच्या फ्लॅटमध्ये शिरा झाला. तो अर्थातच सासूबाईंनी केला, नातवाला कडेवर घेऊन. तीन महिन्यांसाठी म्हणून पुण्याहून आलेल्या सासूबाईंना आता अकरावा महिना लागला होता.

आज्यांकडून सही घ्यायचं संमतीपत्र पुरेसं सोपं झालंय का, एवढंच बघायचं उरलं होतं.

"आई, जरा ऐका हं. तुम्हाला कळलं म्हणजे कुणालाही कळेल," असं बत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या सासूबाईंना सांगून नीरजा मराठी करून वाचायला लागली. "सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. तुम्ही कधीही, कारण न सांगता माघार घेऊ शकता. त्यामुळे आपल्या संबंधांवर काहीही परिणाम होणार नाही."

नातवाला वरणभात भरवता भरवता सासूबाई म्हणाल्या, "शेवटचं परत वाच."

नीरजाने वाचलं. "कळलं ना, आई?"

 

"कळलं," म्हणत त्यांनी वरणभाताची वाटी तिच्या हातात दिली. "मी सोमवारपासून माघार घेतेय. कारण सांगत नाही."