‘तिची अंघोळ’वरचा आक्षेप

‘पाठवा’ या अक्षरांवर आपण बोट टेकवलं, याचं जयवंतरावांना स्वतःलाच नवल वाटलं. इंदापुरात ग्रंथपाल म्हणून त्यांचं आयुष्य गेलं होतं. पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला दोन शब्द सुनावायचे म्हटलं तरी त्यांच्या घशाला कोरड पडायची. आज मात्र त्यांनी जाहिरात कंपनीकडे सरळ आक्षेप नोंदवला होता : सुप्याच्या तात्याबाच्या वेबसाइटवरच्या ‘तिची अंघोळ’ या पानावर प्रौढ मजकूर आहे, तिथे जाहिराती दाखवू नयेत.

तात्याबा शाळेतला सोबती. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यानं नोकरी काढली, पुस्तकाला कधी शिवला नाही. निवृत्तीनंतर दोघांनीही फोनवर एकमेकांना विचारत वेबसाइट काढल्या. भेट अशी कित्येक वर्षांत नव्हती. जयवंतरावांनी दुर्मिळ ग्रंथांवर लिहिलं, नीट संदर्भ देऊन. तिकडे कुणी फिरकेना. तात्याबानं बायकोवर लिहिलं आणि ते गावोगाव वाचलं जाऊ लागलं.

ते पान जयवंतरावांनी उघडलं होतं. ‘ती पाठमोरी बसते. चोळीची गाठ मीच सोडतो. खांद्यावरून ऊन पाणी सोडलं की तिच्या मानेवर काटा फुलतो...’ मजकुराशेजारी गादीची जाहिरात. तेवढ्यात बायको, सरूबाई, चहा घेऊन आल्या आणि जयवंतरावांनी चोरी सापडल्यासारखा फोन उपडा ठेवला. पुन्हा ते पान उघडायचा धीर झाला नाही. पण ती गादी डोक्यातून जाईना. या वयात! हा गडी बायकोच्या चोळीची गाठ सोडतो, वर जगाला सांगतो, आणि जग वाहवा करतं. आपल्याला आपल्या बायकोची पाठ शेवटची कधी दिसली, तेही आठवत नव्हतं.

कंपनीची नियमावली मात्र त्यांनी शेवटपर्यंत वाचली. असल्या मजकुराचं पान बंद होत नाही, त्यावरच्या जाहिराती तेवढ्या थांबतात. आधी यंत्र तपासतं. मालकानं फेरतपासणी मागितली तर मग माणूस बघतो.

आठवड्यात तात्याबाचा फोन आला.

“जयवंता, कंपनीनं मला वंगाळ ठरवलं रं!” तो हसत होता. “या पानावर जाहिरात न्हाय म्हनं.”

“मग शब्द बदल. ते पाठ, चोळी वगैरे काढून टाक.”

“काय काढू? हाय ते हाय. तू असं कर, हिकडं ये. फेरतपासणीला चार ओळी लिहून दे. तुझ्यासारखं मला कुठं जमतंय?”

ते शेवटचं वाक्य जयवंतरावांना फार गोड लागलं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले. सरूबाई दाराच्या चौकटीला पाठ घासत उभ्या होत्या.

“कुठं निघाला?”

“तात्याबाकडे. त्याचं लिखाण दुरुस्त करायचंय.”

“जावा. आमची पाठ खाजवाय ही चौकट हाय.”

बारामतीला एसटी बदलून ते सुप्याला उतरले. वाटेत त्यांनी छबूबाईंचं, तात्याबाच्या बायकोचं, चित्र मनात रंगवलं होतं. भरलेलं अंग, ओले केस, केसांत फूल.

घराचं दार उघडंच होतं. आतून मोटरीची बारीक घरघर येत होती.

“जयवंता व्हय? ये, पर तोंड तिकडं कर. तिला परक्याची लाज वाटती.”

तोवर जयवंतरावांना दिसलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत एक वाळकी बाई पाठमोरी बसवलेली होती. घसरू नये म्हणून कमरेशी धोतराचा पट्टा बांधला होता. डावा हात नुसता लोंबत होता. तात्याबा गुडघे टेकून तिच्या खांद्यावरून तांब्यानं पाणी सोडत होता. तिच्या मानेवर काटा फुलला.

अंग पुसून, लुगडं नेसवून त्यानं तिला उचललं आणि खाटेवर ठेवलं. खालची गादी एकीकडून फुगायची, दुसरीकडून बसायची. घरघर त्या गादीच्या मोटरीचीच होती. पानाशेजारच्या जाहिरातीतली गादी ती हीच.

“पडून पडून अंगाला जखमा व्हाय लागल्या व्हत्या,” तात्याबा हात पुसत म्हणाला. “ही हवेची गादी त्या पानावरच्या जाहिरातींच्या पैशानंच आनली बघ. आता दुसऱ्या कुशीसाठी उशा घ्यायच्या व्हत्या, तर जाहिरातीच थांबल्या. तुला काय सांगायचं म्हना, तू समदं वाचलंयस.”

“वाचलंय,” जयवंतराव म्हणाले.

ते लिहायला बसले. तात्याबाचा एकही शब्द त्यांनी बदलायला सांगितला नाही. चार ओळींना त्यांना दुपार लागली.

“कुनी केली आसंल रं तक्रार?” तात्याबानं विचारलं.

खाटेवरून छबूबाई काहीतरी बोलल्या. शब्द जिभेवरच गोळा होत होते. तात्याबानं कान जवळ नेला आणि हसला.

“ती म्हनती, शेवटपातुर वाचलं नसंल बिचाऱ्यानं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाई ऊन पाण्याची बादली घेऊन न्हाणीकडे निघाल्या. जयवंतरावांनी बादली हातातून घेतली.

“आज मी पाठ चोळून देतो.”

सरूबाई जागच्या जागी थबकल्या. बघता बघता त्यांचा चेहरा पांढरा पडला. हळूच त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं.

“अवो, खरं सांगा... काल डाक्तरकडंच गेला व्हता न्हवं? मला काय झालंय?”