स्टेजकडे पाठ

“मान जरी वळली, तरी उद्यापासून घरी बस,” मामा म्हणाला आणि त्याला खांद्याला धरून गर्दीकडे तोंड करून उभं केलं.

मामा म्हणजे सिक्युरिटीचा सुपरवायझर. सगळेच त्याला मामा म्हणत. स्टेजसमोरच्या कठड्यावरचा एक गार्ड उन्हाने चक्कर येऊन पडला होता, म्हणून मामाने मागच्या पार्किंगवरून याला उचलून आणलं होतं. वीस वर्षं ज्या बँडची गाणी ऐकली, तो बँड आता दहा हातांवर वाजवणार होता. आणि याने बघायचं काय, तर माणसं! गार्डची पाठ स्टेजला आणि डोळे गर्दीवर, हा नियम त्याला ठाऊक होता. पण दहा वर्षं गोदामाच्या बंद शटरकडे पाठ करून बसलेल्या माणसाला तो कधी बोचला नव्हता.

“आणि मनगटं बघत राहा,” मामा जाता जाता म्हणाला. “इथे फक्त निळी पट्टी. तीन महिन्यांपूर्वी पहिल्याच दिवशी ज्यांनी तिकिटं काढली, त्यांनाच ती मिळालीय. दुसरा रंग दिसला की बाहेर.”

पहिलं गाणं सुरू झालं. ड्रमचे ठोके त्याच्या पाठीत बसू लागले. मग त्याने लोकांच्या तोंडांवरच बँड बघायला सुरुवात केली. सगळ्या माना डावीकडे वळल्या की समजायचं, गायक तिकडे गेला. पोरी किंचाळल्या की गिटारवाला कडेला आला. नुसत्या वासावर जेवण उरकावं तसला प्रकार. तरी तो खूश होता. घरी जाऊन बायकोला सांगायला किस्सा झाला.

बँड खरं तर दोघांचा होता. लग्नाआधी एकाच इअरफोनची एकेक वायर कानात घालून दोघं बसच्या शेवटच्या सीटवर बसायचे. एक गाणं तर त्यांचंच होतं. ते लागलं की ती डोळे मिटून त्याच्या दंडावर बोटांनी ताल धरायची. पुढे कधीतरी ते थांबलं. कधी, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. घरात त्याने गाणी लावली की ती उठून स्वयंपाकघरात जायची. गेल्या महिन्यात त्याने भीतभीतच विचारलं होतं, “जायचं का दोघांनी? मागची तिकिटं आहेत अजून.”

“मला नाही सोसत आता तो गोंगाट,” ती म्हणाली होती. “डोकं उठतं. तुला जायचं तर जा.”

एकट्याने काय जायचं? त्यापेक्षा त्याने ड्यूटी मागून घेतली. पार्किंगवर तर पार्किंगवर, कानावर तरी पडेल. आज निघताना तिने डबा दिला, गार पाण्याची बाटली दिली, “टोपी काढू नकोस, ऊन लागेल,” म्हणाली. ती ताईकडे जाणार होती. त्यासाठी पिवळा ड्रेस इस्त्री करून ठेवला होता.

उन्हं कलली तेव्हा ते गाणं सुरू झालं. आधी एकटी गिटार, मग ड्रम. त्याच्या अंगावर काटा आला. मान वळू नये म्हणून त्याने दात आवळले आणि मनगटं बघत राहिला. निळी, निळी, निळी. चौथ्या रांगेत एक हात वर होता आणि त्याची बोटं हवेत ताल धरत होती. तो ताल त्याच्या दंडाला पाठ होता.

तीच होती. पिवळा ड्रेस, डोळे मिटलेले, गाण्याचा शब्द न् शब्द ओठांवर. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. घरात ती असं कधी हसली होती, ते त्याला काही केल्या आठवेना.

त्याने आधी तिच्या शेजारचा पुरुष शोधला. कुणीही तेच केलं असतं. एका बाजूला कॉलेजच्या पोरी होत्या, दुसऱ्या बाजूला एक म्हातारं जोडपं. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. कुणी असता तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं. रागवायला कुणीतरी मिळालं असतं. पण ती एकटीच आली होती आणि एकटीच सुखात होती. मनगटावर निळी पट्टी होती. म्हणजे त्याने विचारलं, तेव्हा तिकीट तिच्या पर्समध्येच होतं. गाण्यांनी तिचं डोकं कधी उठलंच नव्हतं.

तिने डोळे उघडले. नजर त्याच्या टोपीवरून सरळ स्टेजवर गेली. गार्डच्या तोंडाकडे कोण बघतं? त्याला तोंड फिरवायचं होतं. पण पगार होता तो न फिरवण्याचाच.

तेवढ्यात मामा येऊन शेजारी उभा राहिला. मामाही कधीतरी विरघळायचा.

“तासभर मान हलवली नाहीस, लेका,” तो कानाशी म्हणाला. “शेवटचं कडवं आहे. मी बघतो इकडे. तू वळ आणि बघून घे एकदा.”

“नको, मामा,” तो म्हणाला. “बघून झालं.”