फुंकायला नकार

“बाई, ओळखलंत का मला? तुमच्याच वर्गात होतो. मागच्या बाकावर.”

समुपदेशकानं उठून खुर्ची पुढे केली आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्ख्या शहरात नेमका हाच भेटायचा होता! शेजारी मुलगा मान खाली घालून बसला होता.

तो बंदरावर क्रेन चालवायचा. परवा फाटकावर रखवालदारानं त्याची पिशवी उघडली, तर आत कागदात गुंडाळलेल्या दारूच्या बाटल्या, सगळ्या रिकाम्या. दारू तपासायच्या यंत्रात फुंकायला सांगितलं, तर हा नाही म्हणाला. फुंकायला नकार म्हणजे कबुली, असा तिथला नियम. मुकादमानं क्रेनची किल्ली काढून घेतली आणि ‘घरच्या माणसाला घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात जा’ म्हणून सांगितलं.

“कधीपासून घेतोस?” समुपदेशकानं विचारलं.

“बाबा गेल्यापासून.”

आईनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“आणि घेतल्यावर काय वाटतं?”

मुलाला काही सांगता येईना. शाळेत तोंडी परीक्षेलाही असाच उभा राहायचा, ठोंब्या! शेवटी आईच बोलली.

“घर खायला उठत नाही. तेवढ्यापुरतं. मग जाग आली की स्वतःचीच किळस येते. ती घालवायला पुन्हा बाटली काढावी लागते.”

समुपदेशक लिहायचा थांबला. “एवढं समजून घेणारी आई मी इथं पाहिली नाही, बाई. लोक येतात ते पोराला शिव्या घालायला.”

आईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. आता हा कौतुकही करणार! शेजारीण कालच जिन्यात कुणाला तरी सांगत होती, “बाईंनी दुनियेची पोरं घडवली आणि घरचंच बिघडलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!” आई दाराआड उभी राहून ऐकत होती. तोंडातून चकार शब्द काढायची हिंमत झाली नव्हती.

“आता एक कटू गोष्ट,” समुपदेशक म्हणाला. “याला पुन्हा क्रेनवर चढू देता येणार नाही. खाली माणसं काम करत असतात. याला कायमचं गोदामात बसवा, असं मला आजच कळवावं लागेल.”

मुलाचा चेहरा पडला. लहानपणी खिडकीतून क्रेन दाखवल्याशिवाय त्याच्या तोंडात घास जात नव्हता. मोठेपणी त्याच क्रेनखाली त्यानं वर्षानुवर्षं ओझी वाहिली, तेव्हा कुठं वरची खुर्ची मिळाली होती.

“कळवा,” तो म्हणाला. “चल, आई.”

आई जागची हलली नाही.

“चल ना गं. झालं ते झालं. गोदामातही माणसंच काम करतात.”

“तू गप्प बस,” ती म्हणाली. आवाज वर्गातल्यासारखाच निघाला, पण समुपदेशकाकडे बघायचं धाडस तिला झालं नाही. ती टेबलाकडे बघत बोलली.

“त्याची क्रेन काढून घेऊ नका. बाटल्या टाकायला तो नेतो. रिकाम्या मी करते.”