कुणाचं वाकडं न होता

आप्पांनी गाऱ्हाण्याचा नारळ हातात घेतला, तेवढ्यात सावित्रीने त्यांना देवळाच्या पायरीवर थांबवलं. देवरूखजवळच्या त्या गावात देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आप्पांचा. ते मागणं मांडत आणि जमलेले सगळे एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणत.

सावित्रीचा नवरा अनिल मुंबईच्या इस्पितळात एकसष्ट दिवस मशीनवर होता. फ्लूने त्याची फुप्फुसं दगड झाली होती. रक्त नळीतून बाहेर येई, मशीन त्यात प्राणवायू घाली, रक्त परत आत जाई. ही फुप्फुसं आता बरी होणार नाहीत, दुसरी बसवावी लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हातात फार तर दोन आठवडे होते. सासूने गाऱ्हाण्याचा हट्ट धरला म्हणून ती एका दिवसापुरती गावी आली होती.

“आप्पा, आज एक वाक्य सोडा,” ती म्हणाली. “कुणाचं वाकडं न होता, हे.”

आप्पांना हसू आलं. म्हैस हरवलेली असो, लग्न जमायचं असो, त्यांचं प्रत्येक गाऱ्हाणं त्याच वाक्यावर संपे. आप्पा झोपेतसुद्धा तेवढं बोलतात, असं शेजारची मैना त्यांना चिडवायची.

“ता माझा न्हाय गो बाय. बापसाकडनं आलाय. आनि अनिल बरा झाला तर कुनाचा वाकडा व्हनार?”

सावित्रीने समजावून सांगितलं. फुप्फुसं दुकानात मिळत नाहीत. कुणीतरी धडधाकट माणूस घरातून निघायला हवा आणि परत यायला नको. त्याचा मेंदू मरायला हवा, छाती शाबूत राहायला हवी, रक्तगट जुळायला हवा. हे सगळं दोन आठवड्यांत व्हायला हवं.

आप्पांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. आत गेले.

त्यांनी अनिलचं नाव घेतलं, त्याच्या बापाचं घेतलं, लेकराला नवा श्वास दे म्हणाले. शेवटाशी येऊन क्षणभर अडखळले आणि तिथेच थांबले. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सासू, मैना, सारा गाव सवयीने म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

सावित्रीनेही तोंड उघडलं. श्वास आत गेला. शब्द बाहेर आला नाही.