एकाच नावाच्या दोन हाका

तिने लॅपटॉपवरच्या प्रोजेक्टमधला एक शब्द बदलला. ‘ॲप्लिकेशन’ होतं तिथे ‘लायब्ररी’ केलं आणि खालची, ॲपचं नाव सांगणारी ओळ पुसून टाकली.

“हे आता कुणाचं नाव पुसलंस?” शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या आत्याने विचारलं.

“ॲपचं. लायब्ररीला नाव-गाव नसतं आत्या. ती आपली आपण उघडतसुद्धा नाही. दुसऱ्याच्या ॲपमध्ये जाऊन राहायचं आणि कुणी बोलावलं की कामाला लागायचं.”

“म्हणजे तुझ्यासारखीच की,” आत्या म्हणाली.

ती हसली नाही. आतल्या खोलीकडे तिचा एक कान कायमचा लागलेला असायचा.

बाबांची वाचा आजारपणात गेली होती, उजवा हातही गेला होता. समज मात्र लख्ख. त्यांच्यासाठी तिने फोनवर चित्रांची पाटी केली होती. चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलायचा. आवाज तिचाच. सगळ्यांत मोठं चित्र घंटेचं. घंटा म्हणायची, “ये गं.” दिवसभर तिचाच आवाज तिला हाका मारायचा. गॅसवर दूध ठेवलं की, आंघोळीला गेली की, जरा डोळा लागला की. धावत जावं तर बाबा डावा हात दाराकडे हलवायचे. वारा लागत असेल म्हणून ती दार लावून घ्यायची.

दवाखान्यांसाठी ॲप बनवणाऱ्या एका कंपनीला ती पाटी आवडली होती. आपल्या ॲपमध्ये ती जशीच्या तशी बसवता यावी म्हणून त्यांना लायब्ररीची फाइल हवी होती. आणि ती स्वतःही हवी होती. दुसऱ्या शहरात, तिच्याच शिक्षणाची नोकरी. आज उत्तर द्यायचं होतं. बाबांना तिने यातलं काही सांगितलं नव्हतं.

“मी येऊन राहते म्हणतेय ना,” आत्या म्हणाली. “तुझा बाप असेल तो, पण माझा दादा तुझ्या जन्माच्या आधीपासून आहे.”

“तुला नाही जमायचं. त्यांना माझ्याशिवाय कुणी चालत नाही.”

हे ती तक्रारीने म्हणत नसे. नियम सांगावा तसं सांगे. त्या वाक्याला दार नव्हतं, खिडकीही नव्हती.

फाइल तयार झाली. कंपनीने चाचणीसाठी त्यांचं ॲप दिलं होतं, दवाखान्यात रुग्णाची पाळी आली की सांगणारं. तिने त्यात लायब्ररी बसवली, ते ॲप बाबांच्या फोनवर चढवलं आणि आत जाऊन फोन त्यांच्या डाव्या हातात दिला. आत्याही मागोमाग आली. त्यांच्याइतकं बारीक तपासणारं दुसरं कोण होतं?

त्यांनी पेल्याच्या चित्रावर बोट ठेवलं. “पाणी,” तिचा आवाज म्हणाला. उशी. “उठव.” बरोबर. मग घंटा.

“तुमचा नंबर आला. आता जा,” एक परकी बाई ठणठणीत आवाजात म्हणाली.

आत्या दचकली. बाबांचा वाकडा ओठ आणखी वाकडा झाला. हसू होतं ते.

“ही कोण सटवी?” आत्याने विचारलं.

तिच्या लक्षात आलं. घंटेच्या आवाजाच्या फाइलला तिने नाव दिलं होतं ‘हाक’. कंपनीनेही रुग्णाला बोलावण्याच्या आवाजाला ‘हाक’च नाव दिलं होतं. एकाच नावाच्या दोन फाइली आल्या की ज्याचं ॲप, त्याची राहते. लायब्ररीतली गुपचूप बाजूला होते. कुठे चूकही दाखवत नाही.

“नाव बदलते, की झालं. पाच मिनिटांचं काम,” ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. कंपनीतल्या बाई. ती दारातच उभी राहून बोलली.

“फाइल उद्या देते मॅडम. नोकरीचं मात्र नाही जमणार. वडिलांना माझ्याशिवाय चालत नाही. दिवसभर हाका मारत असतात.”

“जागा तुमच्यासाठीच ठेवली होती हो. एकदा विचार करून बघा.”

“केलाय.”

मागून आवाज आला. “तुमचा नंबर आला. आता जा.”

तिने आपल्या फोनवर हात ठेवला. “आले बाबा. हाक मारताय ना? तेच बिघडलंय, थांबा जरा.”

“तुमचा नंबर आला. आता जा.”

ती पलंगापाशी गेली. बाबांचा फोन घ्यायला तिने हात पुढे केला, तर त्यांनी तो छातीशी आवळून धरला.

“द्या ना. दुरुस्त करते. पहिल्यासारखं ‘ये गं’ म्हणेल.”

बाबांनी मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. मग तिच्या डोळ्यांत बघत, सावकाश, चुकू नये अशा बेताने अंगठा घंटेवर टेकवला.

“तुमचा नंबर आला. आता जा.”

आत्या तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. तिच्या हातातल्या फोनमधून कंपनीतल्या बाई विचारत होत्या, “हॅलो? आहात ना?”

ती पाटीकडे बघत राहिली. पाणी. उठव. दुखतंय. बस इथे. ये गं. एकेक शब्द तिने निवडलेला, तिनेच बोललेला. बाबांना लागतील ते सगळे शब्द आपण दिलेत, अशी तिची खात्री होती. आणि एवढं ‘जा’ म्हणायला त्यांना परक्या बाईचा आवाज उसना घ्यावा लागला होता.